वन-पेडल ड्रायव्हिंग: इलेक्ट्रिक गाडी घेतलेल्या नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इलेक्ट्रिक गाडी घरी आली की सुरुवातीची चर्चा रेंजची आणि चार्जरची असते. गाडी थोडी हाताखाली आली की खरे प्रश्न सुरू होतात, आणि त्यातले निम्मे एकाच गोष्टीभोवती फिरतात: एक्सलेटरवरून पाय उचलला की गाडी ब्रेक दाबल्यासारखी का थांबते? कॉलेज रोडच्या गर्दीत, कसारा घाटात आणि इगतपुरीच्या पावसात गाडी चालवणाऱ्यांनी विचारलेले प्रश्न इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात. काहींना वेळ द्यावा लागतो, कारण तिथे माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

वन-पेडल ड्रायव्हिंग म्हणजे नक्की काय?

एकाच पेडलने गाडी पळवायची आणि त्याच पेडलने थांबवायची. दाबलं की वेग वाढतो, थोडं सोडलं की कमी होतो आणि पाय पूर्ण उचलला की गाडी जोरात मंदावते. काही गाड्या तशाच पूर्ण थांबतात आणि थांबलेल्या राहतात. ब्रेकचं पेडल आपल्या जागी असतंच, पण रोजच्या रहदारीत त्याच्यावर पाय फार कमी वेळा जातो.

ज्यांनी घाटात डिझेल गाडी दुसऱ्या गिअरवर उतरवली आहे त्यांना हा अनुभव अगदीच नवा नाही. तिथे इंजिन गाडीला मागे ओढतं, इथे मोटर ओढते. फरक हा की इंजिन ती ऊर्जा उष्णतेत घालवतं, तर मोटर तिची वीज करून बॅटरीत परत पाठवते.

पाय उचलल्यावर वीज खरंच परत येते का? की हा शोरूममधला बोलबाला आहे?

खरंच येते. मोटर आणि जनरेटर ही मुळात एकच वस्तू. वीज दिली की ती फिरते, आणि बाहेरून फिरवली की वीज देते. तुम्ही पाय उचलता तेव्हा चाकं मोटरला फिरवतात, तयार झालेली वीज बॅटरीत जाते आणि ती वीज काढून घेण्याचा जो विरोध असतो त्यानेच गाडी मंदावते. याला रीजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात. बोलताना सगळे नुसतं ‘रीजेन’ म्हणतात, आपणही तेच म्हणू.

ही युक्ती रेल्वेत फार पूर्वीपासून आहे. कसारा ते इगतपुरी हा थळ घाट १ : ३७ चढाचा. रेल्वेला वर जाताना कसाऱ्यात मागून ढकलणारी बँकर इंजिनं जोडावी लागतात. आज रेल्वे ओढणारी डब्ल्यूएपी-७ आणि डब्ल्यूएजी-९ ही इंजिनं उतारावर रीजेनने वेग आवरतात आणि वीज वरच्या तारेत परत सोडतात. तुमची गाडी तीच वीज तारेऐवजी आपल्याच बॅटरीत साठवते, एवढाच फरक.

मग किती वाचते? कोणी म्हणतं दहा टक्के, कोणी म्हणतं तीस.

दोघंही आपापल्या रस्त्यापुरते खरे असू शकतात. म्हणून ऐकीव टक्केवारी बाजूला ठेवा आणि हिशेब एकदा स्वतः करून पाहा.

माणसं धरून १,६०० किलोची गाडी ताशी ५० किलोमीटरने चालली आहे. तिच्या वेगात साठलेली ऊर्जा साधारण ४३ वॅट-तास, म्हणजे ०.०४३ युनिट. सिग्नलला थांबताना यातला काही भाग टायर आणि हवा खातात. मोटर, इन्व्हर्टर आणि बॅटरीतून वीज आत जाऊन पुन्हा बाहेर येईपर्यंत आणखी थोडी गळते. ६० टक्के हाती लागली असं धरलं तर एका थांब्यामागे सुमारे २५ वॅट-तास मिळतात. शहरात अशी गाडी किलोमीटरला १२० ते १५० वॅट-तास खाते. म्हणजे एका थांब्याने तुम्हाला जवळपास २०० मीटर परत दिले.

मुंबई नाका, द्वारका, रविवार कारंजा, अशोक स्तंभ असा फेरा मारणाऱ्याला हे २०० मीटर पुन्हा पुन्हा मिळतात. ओझरच्या पुढे धुळ्याकडे सरळ निघालेल्याला तासाभरात जेमतेम दोन-तीनदा. टक्केवारीत एवढा फरक का पडतो ते यावरून कळेल.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण जाणते लोकही तिथे घसरतात. रीजेन नवी ऊर्जा देत नाही. आधी खर्च केलेल्यातला काही भाग तेवढा परत करतं. त्यामुळे सिग्नलपर्यंत गाडी दामटायची आणि मग ‘रीजेनने परत मिळेलच’ म्हणून पाय उचलायचा, यात नुकसानच आहे. सिग्नल लाल दिसल्यावर लांबूनच वेग कमी करणारा चालक नेहमी पुढे असतो, रीजेनची पातळी कोणतीही असो.

माझ्या गाडीत हे आहे का, ते कसं ओळखायचं?

आपल्याकडच्या गाड्यांचे ढोबळ दोन गट पडतात. पहिल्या गटात रीजेनच्या पातळ्या असतात. टाटा टियागो ईव्हीत ० ते ३ अशा पातळ्या आहेत. नव्या नेक्सॉन ईव्हीत त्या स्टिअरिंगमागच्या पॅडल शिफ्टरने बदलता येतात. एमजीच्या गाड्यांतही कमी, मध्यम, जास्त अशी निवड मिळते. दुसऱ्या गटात मुद्दाम दिलेला वन-पेडल मोड असतो. ह्युंदाई क्रेटा इलेक्ट्रिकमध्ये तो ‘आय-पेडल’ नावाने आहे, महिंद्रा बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई यांत ‘सिंगल पेडल’ नावाने.

नावापेक्षा एक प्रश्न महत्त्वाचा: पाय पूर्ण उचलल्यावर गाडी शून्यावर येऊन थांबते, की चालण्याच्या वेगाने सरकत राहते? सर्वांत वरच्या पातळीवर ठेवूनही पूर्ण न थांबणाऱ्या गाड्या आहेत. त्यांत शेवटचे काही मीटर ब्रेक लागतोच. सपाट जागेवर, मोकळ्या रस्त्यात आणि मागे कोणी नसताना हे स्वतः करून बघा. मग हलक्या उतारावर तेच करा. शेजाऱ्याची गाडी थांबते म्हणून तुमचीही थांबेल असं समजू नका. एकाच मॉडेलच्या दोन वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांतही फरक असू शकतो.

सवय कशी करायची? पहिल्या दिवशी गाडी नुसती धक्के देत होती.

सगळ्यांचं तसंच होतं. पेट्रोल गाडीत पाय एक्सलेटरवरून झटकन उचलायची सवय असते, कारण तिथे उचलल्याने फारसं काही बिघडत नाही. इथे एक्सलेटरच्या प्रवासाचा वरचा भाग ब्रेकचं काम करतो. पाय ‘उचलायचा’ नाही, ‘सैल सोडायचा’. गाडी हवी तेवढी मंदावली की पेडल तिथेच धरून ठेवायचं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी अंबड किंवा सातपूर एमआयडीसीतले रुंद, मोकळे रस्ते यासाठी उत्तम. सर्वांत कमी पातळीपासून सुरुवात करा आणि एक पातळी पायात बसली की पुढची घ्या. पायरी न गाळण्याचा मी आग्रह धरतो, कारण पहिल्याच दिवशी सर्वांत जोरदार पातळी लावणारे बरेच जण वैतागून रीजेन कायमचं शून्यावर नेऊन ठेवतात. चांगली सोय वाया जाते.

सराव एकच. रस्त्यावरची एखादी खूण ठरवा, समजा विजेचा खांब, आणि ब्रेकला हात न लावता गाडी बरोबर तिथे थांबवून दाखवा. सुरुवातीला गाडी अलीकडेच थांबेल. हळूहळू अंदाज येतो. मग ताशी २० ऐवजी ४० वरून करा. टाच जमिनीवर टेकलेली राहू द्या आणि हालचाल फक्त पंजाची ठेवा, धक्के आपोआप कमी होतात.

ब्रेक लागतच नसेल तर ब्रेकचं पेडल विसरायला होणार नाही का?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

आकडे पाहा. निसानने दुसऱ्या पिढीच्या लीफ गाडीत दिलेल्या ई-पेडलचा जोर सुमारे ०.२ जी होता, म्हणजे दर सेकंदाला वेग सेकंदाला २ मीटरने कमी. वन-पेडलचा अंदाज यायला हा आकडा पुरेसा आहे. ताशी ५० वरून इतक्या जोराने थांबायला सुमारे ४८ मीटर लागतात. कोरड्या डांबरावर ब्रेक पूर्ण दाबला तर हाच आकडा २ वरून ८ मीटरच्या आसपास जातो आणि गाडी सुमारे १२ मीटरमध्ये उभी राहते. यात तुमचं लक्ष जायला लागलेला वेळ धरलेलाच नाही. ४८ आणि १२. गंगापूर रोडला दुभाजकातून अचानक शाळेतलं पोर पुढे आलं, तर या दोन आकड्यांमधल्या अंतरात त्याचा जीव आहे.

म्हणून नियम असा: ठरवून थांबायचं असेल तर रीजेन, दचकून थांबायचं असेल तर ब्रेक. पाय उचलून ‘बघू थांबते का’ असं कधीच नाही. ब्रेक लाथ मारल्यासारखा पूर्ण दाबायचा आणि एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) धडधडलं तरी सोडायचा नाही.

पायाला हे विसरू द्यायचं नसेल तर दोन सवयी लावा. रोज गाडी बाहेर काढताना, सोसायटीच्या गेटपर्यंत पोचायच्या आत, ब्रेक एकदा नीट दाबून पाहा. आणि गर्दीतून जाताना पाय एक्सलेटर सोडून मोकळा असेल तेव्हा तो हवेत लटकत न ठेवता ब्रेकवर नेऊन ठेवा. डाव्या पायाने ब्रेक दाबायचा प्रयोग मात्र करू नका. क्लच दाबून दाबून त्या पायाला जोराचीच सवय झालेली असते.

घाबरलेला माणूस चुकून एक्सलेटरच दाबेल ही भीती जगभर आहे. चीनच्या २०२६ पासून लागू झालेल्या ब्रेकच्या मानकात म्हटलं आहे की गाडी सुरू केल्यावर आपोआप येणाऱ्या मोडमध्ये नुसता पाय उचलून गाडी पूर्ण थांबता कामा नये. चालकाने स्वतः तो मोड निवडला तर चालेल. मला हा विचार पटतो. वन-पेडल वापरायचं तर ते जाणूनबुजून निवडलेलं असावं.

कसारा घाट उतरताना रीजेन पुरतं का? आणि त्याने किती चार्जिंग होतं?

घाट उतरताना रीजेनची खरी किंमत वीज वाचवण्यात नाही, ब्रेक थंड ठेवण्यात आहे. ट्रकच्या मागे कसारा उतरताना लायनर जळल्याचा तो उग्र वास प्रत्येक नाशिककराच्या नाकात बसलेला आहे. सतत दाबून ठेवलेला ब्रेक तापतो आणि तापलेला ब्रेक पकड सोडतो. रीजेनवर उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक थंड राहतात आणि एखाद्या वळणावर समोर बंद पडलेला कंटेनर दिसला तर पूर्ण ताकदीने हाताशी असतात.

उताराला लागण्याआधीच पातळी ठरवा. नेहमीच्या घाटउताराला मधली पातळी बहुतेक गाड्यांत पुरते. तीव्र वळणांच्या टप्प्यात एक वाढवा. वळणाच्या आत शिरल्यावर पातळी बदलू नका.

आता विजेचा हिशेब. १,६०० किलोची गाडी १०० मीटर खाली आली की ०.४४ युनिटची ऊर्जा मोकळी होते. इगतपुरीच्या माथ्यापासून कसाऱ्यापर्यंत उतार साधारण ३०० मीटरचा, म्हणजे १.३ युनिट. यातला मोठा वाटा टायर आणि हवा घेतात, उरलेल्यातही थोडी गळती होते. निम्म्याच्या आसपास, म्हणजे अर्धा-पाऊण युनिट बॅटरीत आलं तर चांगलं उतरलात. तेवढ्यात पुढचे चार-पाच किलोमीटर होतात.

परतीचा चढ जास्त महत्त्वाचा. तीच उंची चढायला नेहमीच्या खर्चाशिवाय दीड युनिट तरी जादा लागतं. ३० युनिटच्या बॅटरीचे हे पाच टक्के. शहापूरला ‘अजून पंधरा टक्के आहेत, घोटीला चार्ज करू’ असा हिशेब मांडताना हे पाच टक्के आधी वजा करा. उतरताना आलेला आकडा बघून माणूस हुरळतो आणि चढताना अडकतो.

सप्तशृंग गडावर किंवा इगतपुरीच्या हॉटेलात गाडी फुल चार्ज करून खाली निघालो तर?

असं करू नका. बॅटरी भरलेली असेल तर रीजेनची वीज ठेवायला जागाच नसते. मग गाडी रीजेन कमी करते किंवा बंद करते. पाय उचलल्यावर नेहमीसारखी ओढ बसत नाही, आणि ज्याला वन-पेडलची सवय झाली आहे त्याला ऐन उतारावर गाडी ‘सुटल्यासारखी’ वाटते. नांदुरीपासून गडावर जाणारा सुमारे १० किलोमीटरचा घाटरस्ता ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

काही गाड्या अशा वेळी रीजेनच्या जागी साधे ब्रेक आपोआप लावून पायाला तोच अनुभव देतात. सगळ्या देत नाहीत. त्यामुळे उंचावर मुक्काम असेल तर ८०-८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवा. नाशिकमध्ये घरी १०० टक्के करून मुंबईला निघालात तर ही अडचण येत नाही, कारण इगतपुरीपर्यंतच्या पंचेचाळीसेक किलोमीटरमध्ये बॅटरीत पुरेशी जागा झालेली असते. मात्र घरातून बाहेर पडल्यावर पहिल्याच चौकात रीजेन ढिलं लागेल, तेव्हा पाय ब्रेकजवळ ठेवा.

थंडीत सकाळी गाडी नीट थांबत नाही. बिघाड आहे का?

बहुधा नाही. निफाड, पिंपळगाव, दिंडोरीकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली येतो. द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, आणि अशा रात्री उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरीही गारठते. थंड लिथियम बॅटरीत जोरात वीज भरली तर तिचं नुकसान होतं. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची बॅटरी याबाबतीत जास्त नाजूक. म्हणून गाडी स्वतःहून रीजेन आवरतं घेते. काही किलोमीटर चालल्यावर फरक कमी होतो. डॅशबोर्डवर रीजेन मर्यादित असल्याची खूण येते का ते पुस्तिकेत पाहून ठेवा. ऊन पडल्यावरही तीच तक्रार राहिली तर सर्व्हिस सेंटर गाठा.

पावसात वन-पेडल वापरावं का?

वापरा, पण हलक्या पातळीवर. साधा ब्रेक चारही चाकांना लागतो. एकच मोटर असलेल्या गाडीत रीजेन फक्त मोटर जोडलेल्या दोन चाकांना मिळतं. नेक्सॉन, पंच, विंडसर, क्रेटा इलेक्ट्रिक यांत ती पुढची चाकं आहेत. बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई यांत मागची. ओल्या, चिखल वाहून आलेल्या वळणावर एकदम पाय उचलला तर पुढची चाकं ओढणारी गाडी वळणाबाहेर सरकू पाहते आणि मागची चाकं ओढणाऱ्या गाडीचा मागचा भाग हलू शकतो. ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) सावरून घेतं, पण त्याच्यावर सगळी भिस्त ठेवायची वेळ येऊ नये.

इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जुलैत धुकं असं उतरतं की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. त्र्यंबकच्या रस्त्यावरही तेच. अशा वेळी वळणाच्या आधी वेग उतरवा, वळणात एक्सलेटर एकसारखा धरा.

खड्ड्यावरून गेल्यावर गाडी क्षणभर पुढे उसळली. हे काय?

तुम्ही रीजेनवर मंदावत होतात, चाक खड्ड्यात किंवा स्पीडब्रेकरच्या कडेला क्षणभर उचललं गेलं आणि पकड सुटल्याचं गाडीने ओळखलं. ताबडतोब रीजेन सोडून देण्यात आलं. ओढ नाहीशी झाली की गाडी पुढे ढकलल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात वेग वाढलेला नसतो. खड्डे असलेल्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवा आणि त्या क्षणी ब्रेक दाबा.

पाय उचलून थांबलो तर मागच्याला ब्रेक लाइट दिसतो का?

दिसायला हवा. संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच क्रमांकाच्या ब्रेक नियमानुसार, रीजेनमुळे गाडी दर सेकंदाला १.३ मीटर प्रतिसेकंदापेक्षा जास्त मंदावत असेल तर ब्रेक लाइट लागलाच पाहिजे. ०.७ किंवा त्याहून कमी असेल तर लागता कामा नये. मधल्या पट्ट्यात कंपनीची मर्जी. पण सगळ्याच देशांतले नियम इतके नेमके नाहीत. अमेरिकेत २०२३ मध्ये ह्युंदाईच्या आयोनिक ५ वर टीका झाली, कारण आय-पेडल मोडमध्ये पाय पूर्ण उचलेपर्यंत गाडी बरीच मंदावूनही दिवे लागत नव्हते. नंतर सॉफ्टवेअर बदलण्यात आलं.

तुमच्या गाडीचं तपासायला कोणाला तरी मागच्या गाडीत बसवा आणि रात्री मोकळ्या रस्त्यावर वेगवेगळ्या पातळ्यांवर पाय सोडून बघा. कोणत्या पातळीला दिवा लागतो ते कळलं की शहरात कशी चालवायची ते आपोआप ठरतं. आपल्याकडे मागची ॲक्टिव्हा हातभर अंतरावर असते. शिवाय दिवा लागला तरी तुम्ही एवढ्या झटकन थांबाल याची मागच्याला कल्पना नसते. पाय सोडण्याआधी आरशात बघायची सवय लावा. उलट बाजूही आहे. लासलगाव-पिंपळगावच्या रस्त्यावर कांद्याने भरलेल्या ट्रॉलीला मागे दिवाच नसतो, तेव्हा पुढच्याच्या लाल दिव्याची वाट बघत बसू नका.

आम्ही घाटात निघालो की सासूबाईंना मळमळतं. आधीच्या गाडीत असं होत नव्हतं.

त्यांची तक्रार खरी आहे, मनावर घ्या. मागे बसलेल्याला पाय उचलल्याचं दिसत नाही आणि इंजिनाचा आवाजही नाही. त्यामुळे गाडी मंदावणार हे शरीराला आधी कळत नाही. वर चालक दर दहा सेकंदांनी थोडं दाबतो, थोडं सोडतो. पोटात ढवळणारच. घरचे सोबत असतील तेव्हा सर्वांत कमी पातळी ठेवा, एक्सलेटर लांबवर एकसारखा धरा आणि मंदावायचं तर पाय तीन-चार सेकंदांत हळू सोडा. त्यांना पुढच्या सीटवर बसवलं तर रस्ता दिसतो आणि त्रास बराच कमी होतो. वन-पेडल सोडून गाडी साधी चालवावी लागली तर तशी चालवा. आईची किंवा सासूबाईंची तब्येत दोन टक्के बॅटरीपेक्षा मोठी आहे.

समृद्धी महामार्गावर किंवा धुळ्याकडे जाताना कोणती पातळी ठेवावी?

शून्य किंवा सर्वांत कमी. मोकळ्या रस्त्यावर गाडी अलगद वाहत जाऊ देणं हेच सर्वांत स्वस्त. वेगाची वीज करून ती पुन्हा वेगात आणण्यापेक्षा वेग तसाच वापरलेला बरा, कारण त्यात बदलाबदलीची गळती नाही. क्रूझ कंट्रोल लावलं असेल तर रीजेन गाडी स्वतःच गरजेपुरतं वापरते.

समृद्धीवर कारला ताशी १२० ची मर्यादा आहे, आणि वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. तिथे रेंज वाचवायची असेल तर रीजेनची बटणं दाबण्यापेक्षा १२० ऐवजी ९० वर चालवा. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून मुंबईला जाताना जवळपास ८ किलोमीटरच्या बोगद्यातून कसारा घाट टाळता येतो. उंची मात्र तिथेही उतरावी आणि चढावी लागतेच, परतीचा वरचा हिशेब तिथेही लागू.

ब्रेक पॅड कमी झिजतात हे खरं का?

खरं, आणि बऱ्यापैकी कमी. पण न वापरलेला ब्रेक गंजतो. पावसाळ्यात चार दिवस उभ्या असलेल्या गाडीच्या डिस्कवर तांबूस थर येतो. पेट्रोल गाडीत तो पहिल्या दोन-तीन ब्रेकमध्ये घासून जातो, वन-पेडलवर चालणाऱ्या गाडीत तसाच राहतो. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर रीजेन शून्यावर ठेवा आणि ताशी ५०-६० वरून ब्रेकने नीट थांबा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे ते पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत बदलायचंच, पॅड कितीही नवे दिसोत.

सारखं थोडं थोडं चार्जिंग होऊन बॅटरी खराब होईल का?

नाही. हे झटके काही सेकंदांचे असतात, आणि किती वीज घ्यायची ते बॅटरीची यंत्रणा क्षणोक्षणी ठरवते.

घरात दुसरी गाडी पेट्रोलची आहे. दोन्ही चालवताना गोंधळ होतो.

होतो, आणि तो पेट्रोल गाडीत जास्त धोक्याचा. वन-पेडलवर आठवडाभर चालवून माणूस वॅगनआरमध्ये बसतो, चौकात सवयीने पाय उचलतो आणि गाडी पुढे वाहतच राहते. घरात दोन्ही गाड्या रोज फिरत असतील तर इलेक्ट्रिक गाडी सर्वांत जोरदार पातळीवर ठेवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. मधल्या पातळीवर पाय उचलल्यानंतरही शेवटी ब्रेक लागतो आणि पायाची जुनी वाट शाबूत राहते. घरातले वडीलधारे कधीतरीच गाडी घेत असतील तर त्यांच्यासाठी आणखी खाली.

इलेक्ट्रिक दुचाकीतही हे असतं का?

बऱ्याच स्कूटरमध्ये थ्रॉटल सोडल्यावर थोडं रीजेन असतं. एथरने जानेवारी २०२४ मध्ये आणलेल्या ४५० एपेक्समध्ये थ्रॉटल उलटा फिरवून वेग कमी करायची सोय आहे. दुचाकीत ही ओढ मागच्या चाकाला बसते. ओल्या रस्त्यावर, खास करून रामकुंडाजवळच्या गुळगुळीत दगडी फरशीवर, ती एकदम वापरू नका.

गाडी ड्रायव्हरला, पाहुण्याला किंवा पार्किंगवाल्याला देताना काय करावं?

किल्ली देण्याआधी वन-पेडल बंद करा आणि रीजेन सर्वांत कमी पातळीवर आणा. मग सांगा की ही गाडी आवाज करत नाही आणि सुरू आहे की बंद ते ऐकून कळत नाही. काही गाड्या बंद करून चालू केल्यावर जुनी पातळी लक्षात ठेवतात, काही मूळ पातळीवर जातात. तुमची काय करते ते आधी पाहून ठेवा. २०२७ च्या सिंहस्थात बाहेरगावचे नातेवाईक येतील, गाडी हातोहाती फिरेल आणि पंचवटीत पायी चालणाऱ्यांनी रस्ते भरलेले असतील. पाहुणा गाडी बाहेर नेणार असेल तर आधी शेजारी बसून त्याला सोसायटीच्या आवारात दोन चकरा मारायला लावा, आणि त्यात एकदा तरी ब्रेक पूर्ण दाबून गाडी थांबवायला सांगा.